खड्यांनी भरलेली डोंगरमाती नापीक नसते

डोंगरउतारावरच्या जंगलात मूठभर माती उचलली, की निम्मे खडेच हाती येतात. त्यावरून ‘ही माती नापीक, दगड वेचले तरच सुधारेल’ असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तो चुकीचा आहे.

मृदाशास्त्रात २ मिलिमीटरपेक्षा मोठा कण म्हणजे खडा. अन्नद्रव्ये आणि पाणी मुख्यतः त्याहून बारीक मातीत असतात. निम्मी जागा खड्यांनी व्यापली, तर पाणी धरून ठेवण्याची क्षमता साधारण निम्म्यावर येते, हे खरेच. पण वरचे खडे पावसाच्या थेंबांचा मारा झेलतात, बाष्पीभवन कमी करतात. त्यांच्यामधल्या फटींतून पाणी खाली मुरते आणि मुळेही तिथूनच खोल उतरतात. झिजलेला, सच्छिद्र दगड तर स्वतःही थोडे पाणी धरतो. शिवाय वर पालापाचोळा कुजून काळा थर तयार होत असतो. या मातीची खरी श्रीमंती त्या काही सेंटिमीटरच्या काळ्या थरात आहे, आणि नेमका तोच झाडून नेला जातो, याचे फार वाईट वाटते.

उतारावरचे दगड वेचले, की उघडी पडलेली बारीक माती पहिल्याच जोरदार पावसात वाहू लागते.