खारभूमी : खांड आणि पुनर्लागवड

समुद्राच्या किंवा खाडीच्या भरतीपासून मातीचे बांध घालून राखलेल्या शेतजमिनीला खारभूमी म्हणतात. वादळाने, उधाणाने किंवा अतिवृष्टीच्या लोंढ्याने बांध फुटून खारे पाणी आत शिरल्यावर ही जमीन पुन्हा भातपिकाखाली आणण्याची रीत या नोंदीत दिली आहे. महाराष्ट्रात पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत अशा जमिनी आहेत. रायगडमधला पेण-अलिबागचा खारेपाट त्यांत विशेष प्रसिद्ध.

खाडीकडच्या मुख्य बांधाला बाहेरकाठा म्हणतात आणि त्यातल्या झडपेच्या दाराला उघाडी. भरतीच्या दाबाने झडप आपोआप मिटते. ओहोटीला आतले पाणी तिला ढकलून खाडीत जाते. बांध फुटून पडलेले भगदाड म्हणजे खांड. सुरुवातीला ती चार हातांची असते. पण दर भरती-ओहोटीला, म्हणजे दिवसातून दोनदा, पाणी तिच्यातून ये-जा करते आणि कडा खात जाते. म्हणून खांड बुजवायची ती भांगाच्या दिवसांत, भरतीचा जोर कमी असताना. उधाणापर्यंत थांबले की काम कितीतरी पटींनी वाढते.

पूर्वी हे काम गावकरी ‘जोळ’ पद्धतीने, घरटी माणूस देऊन, चिखलाची ढेकळे आणि पेंढा रचून करत. १९४८ च्या मुंबई खारभूमी अधिनियमानंतर आणि पुढे १९७९ च्या महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियमानंतर बांधांची जबाबदारी मोठ्या प्रमाणावर शासनाकडे गेली. दगडी पिचिंगचे, म्हणजे उतारावर दगड बसवलेले, पक्के बांध आले. मात्र रातोरात खांड बुजवणारी माणसे त्यामुळे या कामातून बाजूला झाली. निविदा निघेपर्यंत भरती काही थांबत नाही.

बांध पुरा झाला की खरे काम पाऊस करतो. कोकणपट्टीत वर्षाला साधारण ३ हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पहिल्या पावसाचे पाणी शेतात साठवायचे, क्षार विरघळू द्यायचे आणि ओहोटीला उघाडीतून सोडून द्यायचे. असे पुन्हा पुन्हा. मातीची विद्युतवाहकता (क्षाराचे प्रमाण दाखवणारे माप) ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर असली तर ती क्षारयुक्त गणतात. भाताला सर्वांत धोका असतो तो कोवळे रोप असताना आणि फुलोऱ्याच्या वेळी. म्हणून क्षार धुऊन गेल्यावर मोड आलेले बी फेकण्याची ‘रहू’ पद्धत वापरतात, किंवा जरा वाढलेली रोपे एका चुडात (एका जागी लावायच्या जुडीत) जास्त घालून लावतात. मधेच पावसाने ओढ दिली आणि शेतातले पाणी आटले, तर खालचे मीठ पुन्हा वर येते.

बियाण्यात खारेपाटाचा जुना आधार म्हणजे राता भात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, २ आणि ३ हे क्षार सोसणारे वाण दिले. गोव्याच्या खाजन शेतीत, म्हणजे तिथल्या खारभूमीत, हीच जागा कोरगुट भाताची, आणि तिथे उघाडीला मानस म्हणतात.

खारेपाटात भात हे एकच पीक. ते बुडाले की तांदळाबरोबर गुरांचा पेंढा जातो आणि लावणी-कापणीची मजुरीही जाते. तळ्यांत खारे पाणी शिरले की रोहू-कटला मरतात. खाऱ्या-गोड्या दोन्ही पाण्यांत जगणारा जिताडा मात्र तगू शकतो. खारेपाटातल्या शेततळ्यांत तो पूर्वीपासून पाळतात. सरकारी पंचनामा मुख्यतः उभ्या पिकाचा होतो. पुढच्या वर्षी मिठामुळे पेरणीच झाली नाही, तर दाखवायला नुकसान नसते!

खांड काही वर्षे तशीच राहिली तर शेतात तिवरे, म्हणजे कांदळवनाची झाडे, उगवतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ आणि २०१८ च्या आदेशांनी कांदळवनांना कडक संरक्षण दिले आहे, आणि किनाऱ्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण सातबारावर भातशेती आणि प्रत्यक्षात कांदळवन, अशा जमिनीवर शेतकऱ्याला तिवर तोडता येत नाही आणि भातही लावता येत नाही.