कळा थांबत नाहीत, कल्चरला वेळ लागतो

शहापूर किंवा मुरबाडकडची एकतिसाव्या आठवड्यातील गरोदर स्त्री कळा सुरू झाल्या म्हणून ठाण्याच्या रुग्णालयात पोहोचते, तेव्हा अंगात ताप नसताना आणि पाणमोट शाबूत असतानाही डॉक्टर आधी लघवीचा नमुना मागतात, याचे घरच्यांना नवल वाटते. परंतु ३७ आठवड्यांपूर्वीच्या अनेक प्रसूतींमागे जंतुसंसर्ग असतो आणि तो बहुधा गाजावाजा न करता येतो. योनिमार्गातून वर चढलेले जंतू गर्भावरणापर्यंत पोहोचले, की शरीराच्या प्रतिकारातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात आणि त्यांच्यामुळे गर्भाशय आकुंचन पावू लागते.

लघवीला जळजळ होत नसली, तरी कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातील जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या तपासणीत, जंतू सापडू शकतात. योनिमार्ग व गुदद्वारातून घेतलेला स्वॅब ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकससाठी असतो. हा जंतू आईला सहसा त्रास देत नाही, नवजात बाळाला मात्र गंभीर आजार देऊ शकतो. रक्तातील पांढऱ्या पेशींच्या आकड्यावर फार विसंबू नये, कारण कळांमुळेही तो वाढतो आणि बाळाच्या फुप्फुसांसाठी दिलेल्या स्टिरॉइडमुळेही.

खरी अडचण गर्भजलाची आहे. सोनोग्राफीत पाहत पोटातून बारीक सुई घालून ते काढता येते. त्यातील ग्लुकोज कमी भरले, तर संशय बळावतो आणि हे लवकर कळते. ग्रॅम स्टेन, म्हणजे जंतूंना रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, हेही लवकर होते, पण युरियाप्लाझ्मा हा गर्भजलात वारंवार आढळणारा जंतू त्यात दिसतच नाही, कारण रंग धरणारी पेशीभित्तिका त्याला नसते. त्याला पीसीआर (जंतूची जनुकीय खूण शोधणारी तपासणी) किंवा खास कल्चर लागते. कल्चरचा निकाल यायला काही दिवस जातात आणि कळा तोवर थांबतीलच असे नाही. म्हणूनच सुईची ही तपासणी सरसकट केली जात नाही.

मग सगळ्यांनाच अँटिबायोटिक का देऊ नये? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याची परीक्षाही झालेली आहे. पाणमोट शाबूत असलेल्या सहा हजारांहून अधिक स्त्रियांवरील ‘ऑरॅकल’ चाचणीत २००१ साली त्याचा बाळांना फायदा दिसला नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात तर, ती मुले सात वर्षांची झाल्यावर, अँटिबायोटिक दिलेल्या गटांत सेरेब्रल पाल्सीचे (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर परिणाम करणाऱ्या विकाराचे) प्रमाण अधिक आढळले. पाणमोट आधीच फुटली असेल किंवा संसर्गाची लक्षणे असतील, तर गोष्ट वेगळी. तेथे औषध द्यावेच लागते. प्रसूती अटळ दिसली, की स्वॅबचा निकाल हाती नसतानाही पेनिसिलिन सुरू करतात, ते कळा थांबवण्यासाठी नव्हे, तर जन्मताना बाळाला स्ट्रेप्टोकोकसची बाधा होऊ नये म्हणून. आणि कळा आपोआप शमल्या, तर ते बंद केले जाते.