कांचन की देवकांचन? पुंकेसर मोजा

दसरा-दिवाळीच्या सुमारास नाशिकच्या एखाद्या कॉलनीत गुलाबी-जांभळ्या फुलांचं, जोडपानांनी (टोकाकडून चिरून दोन पाळ्या झालेल्या पानांनी) भरलेलं झाड दिसलं, तर तो बहुधा देवकांचन. फेब्रुवारी-मार्चमध्ये जवळजवळ उघड्या फांद्यांवर तशीच फुलं आली, तर कांचन. नर्सरीतल्या ‘रक्तकांचन’ या पाटीवर विसंबू नका, ते नाव दोघांनाही लावलं जातं. रंगावरूनही ठरवू नका. कांचनात पांढऱ्या फुलांची झाडंही असतात आणि देवकांचनाचा गुलाबी कधी अगदी फिका असतो.

पक्की खूण पुंकेसरांत आहे. सकाळी नुकतंच उमललेलं फूल घ्या आणि टोकाला परागकोश असलेले लांब, वर वळलेले केसर मोजा. देवकांचनात ते साधारण तीन असतात, क्वचित चार. कांचनात पाच. मोजताना दोन ठिकाणी गफलत होते. मधोमध असलेला हिरवट स्त्रीकेसर (पुढे त्याचीच शेंग होते) मोजायचा नाही, आणि तळाशी असलेले आखूड, वांझ तंतूही धरायचे नाहीत. शिळ्या फुलात परागकोश गळलेले असतात, त्यामुळे आकडा चुकतो.

मग पाकळ्या पाहा. देवकांचनाच्या अरुंद असतात, दोन पाकळ्यांमधून पलीकडचं दिसतं. कांचनाच्या रुंद, एकमेकींवर चढलेल्या, आणि एका पाकळीवर गडद रेषा असतात. देवकांचनाच्या कळीवर उभ्या कडा बोटाला लागतात, कांचनाची कळी गुळगुळीत असते. कांचनाच्या कळ्यांची भाजी करतात.

फुलं नसताना पान हाती घ्यावं लागतं. कांचनाचं पान टोकाकडून पाव ते तिसरा हिस्सा चिरलेलं, पाळ्या गोल. देवकांचनाची चीर जास्त खोल, कधी निम्म्यापर्यंत, आणि पाळ्या थोड्या निमुळत्या. कोवळ्या फुटव्यावर हे माप फसवं ठरतं, म्हणून आठ-दहा जून पानं पाहावीत. केवळ पानावरून शिक्का मारणं आम्हाला पटत नाही.

दसऱ्याला आपटा समजून ओरबाडला जातो तो बऱ्याचदा यांपैकीच एक. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त असतं. फुलं पिवळसर पांढरी, बारीक, तीही उन्हाळ्यात येतात. दसऱ्याला झाडावर गुलाबी फुलं किंवा मोठ्या कळ्या असतील, तर तो आपटा नाहीच.

पाच पुंकेसर, हिवाळाभर मोठी गडद किरमिजी फुलं आणि शेंग मात्र एकही नाही, असं झाड भेटलं तर ते हाँगकाँगच्या झेंड्यावरचं संकरित झाड. त्याला बी धरत नाही, रोप कलमानेच करावं लागतं.

ही ओळख छाटणीच्या वेळी सगळ्यात जास्त कामाला येते. कांचन हिवाळ्यात पानं गाळतो. झाड वाळलं समजून डिसेंबर-जानेवारीत फांद्या उतरवल्या, की त्या वर्षीचा बहर गेला, कारण फुलं आदल्या हंगामातल्या फांदीवर येतात. त्याची छाटणी बहर ओसरल्यावर, एप्रिल-मेमध्ये करा. देवकांचन पावसाळ्यात वाढलेल्या फांदीच्या टोकाला फुलतो. गणपतीच्या मिरवणुकीसाठी रस्ता मोकळा करताना ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शेंडे छाटले, तर दिवाळीपर्यंत झाड नुसतं हिरवंच राहील. तारांना लागणाऱ्या फांद्या पावसाळ्यापूर्वीच काढून घ्या.