शेणवी वकील (पोर्तुगीज गोवा)

सोळाव्या शतकापासून अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत गोव्याच्या पोर्तुगीज सरकारतर्फे शेजारच्या दरबारांत बोलणी करणारे, खलिते नेणारे-आणणारे आणि तहाच्या कलमांवर घासाघीस करणारे हिंदू मुत्सद्दी. यांतले बहुतेक सारस्वत ब्राह्मण. पोर्तुगीज कागदांत त्यांच्या नावापुढे 'सिनाय' लागते, मराठी कागदांत 'शेणवी'. मराठे त्यांना वकील म्हणत. पोर्तुगीज दप्तरात मात्र त्यांच्यापैकी अनेकांची नोंद सरकारी दुभाषी अशी होते, आणि या हुद्द्यानेच त्यांच्यावर अन्याय केला आहे. गोव्याच्या इतिहासात व्हाइसरॉयांची नावे पाठ असतात; त्या व्हाइसरॉयांचे तह ज्यांनी जुळवले त्यांना 'दुभाषे' म्हणून एका ओळीत निकालात काढले जाते.

१५१० मध्ये आफोंसु द आल्बुकेर्कने गोवा घेतला तोच मुळी होनावरच्या तिमय्याच्या मदतीने. पुढे १५४३ मध्ये बारदेश आणि साष्टी मिळाली, तरी पोर्तुगिजांच्या हाती आले ते तिसवाडीसह किनाऱ्याचे तीन महाल. अंत्रूज (म्हणजे फोंडा), डिचोली, सत्तरी, पेडणे हा सारा मुलूख दुसऱ्यांचा होता: आधी आदिलशहाचा, नंतर मराठे, सावंतवाडीकर, सौंदेकर यांचा. घाटावरून येणारे धान्य, बैलांच्या तांड्यांवरची जकात, सरहद्द ओलांडून पळालेले कर्जदार आणि देसाई, पकडलेली गलबते, असा एखादा तंटा कायम उभाच असे. त्यामुळे शेजाऱ्यांशी बोलणी हे युद्धकाळापुरते काम नव्हते, ते बारमाही होते. त्यासाठी मोडी वाचणारा, दरबारी रीतिरिवाज जाणणारा आणि घाटापलीकडे सोयरेधायरे असलेला माणूस लागे. लिस्बनहून आलेल्या फिदाल्गोकडे, म्हणजे पोर्तुगीज सरदाराकडे, यातले काही नसे. थाटामाटासाठी एखादा गोरा वकील किंवा जेझुइट पाद्री पुढे केला जाई. बोलणी वळवण्याचे काम शेणव्याचे.

हे सगळे कोणत्या काळात चालले होते ते पाहिले की या माणसांच्या धीराची कल्पना येते. १५४० च्या सुमारास तिसवाडीतली देवळे पाडली गेली. हिंदूंना सरकारी अधिकारपदे बंद करणारे हुकूम निघाले. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, सुरू झाले आणि त्याच सुमारास कुशस्थळीचा मंगेश नदी ओलांडून प्रियोळला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. १६८४ मध्ये तर प्रजेने तीन वर्षांत स्वभाषा टाकून पोर्तुगीज बोलावे, असे फर्मान काँद द आल्व्होर या व्हाइसरॉयने काढले. त्याच्याच सरकारचा शेजाऱ्यांशी होणारा पत्रव्यवहार मात्र मराठी जाणणाऱ्या हिंदूंवाचून चालत नव्हता. याला सहिष्णुता म्हणता येणार नाही. ती निव्वळ गरज होती आणि दोन्ही पक्ष ते ओळखून होते. वकिलीमुळे या घराण्यांना व्यापार, इजारे (सरकारी वसुलीचे मक्ते) आणि मुख्य म्हणजे राजधानीत राहण्याचे संरक्षण मिळे. त्यांनी धर्म सोडला नाही, नोकरीही सोडली नाही.

एकाच समाजाची माणसे सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना होती, ही या वकिलीची ताकद. छत्रपती शिवाजी महाराजांतर्फे गोव्यात वकिली केलेला पितांबर शेणवी याच समाजातला. अठराव्या शतकात साताऱ्याला शाहूंच्या दरबारी मंत्री असलेला नारो राम हाही शेणवीच. कवळ्याच्या शांतादुर्गेचे आजचे देऊळ उभे राहण्यात त्याचा वाटा मोठा. गोव्याच्या वकिलाला अशा दरबारात दार ठोठवावे लागत नसे. पण त्यामुळेच दोन्हीकडून संशयही यायचा. शत्रूच्या कारभाऱ्याशी ज्याचे सोयरसंबंध, त्याच्यावर कितपत विसंबावे, हा प्रश्न त्याच्या धन्यासमोर सदैव असणार.

सतराव्या शतकातल्या वकिलांपैकी रामोजी शेणवी कोठारी याचे नाव सर्वांत आधी घेतले पाहिजे. कुडाळ प्रांतातून महाराजांपुढे माघार घेतलेले काही देसाई पोर्तुगिजांच्या आश्रयाला आले होते आणि तिथून ते महाराजांच्या मुलखाला उपद्रव देत. नोव्हेंबर १६६७ मध्ये महाराजांनी बारदेशावर स्वारी केली. पोर्तुगिजांची लढण्याची तयारी नव्हती. तहासाठी त्यांनी पाद्री गोंसालू मार्तिंश याच्याबरोबर रामोजीला पाठवले. डिसेंबरात तह झाला. बारदेशातून धरून नेलेली माणसे सुटली आणि देसायांना गोव्याच्या हद्दीतून कुरापती काढू न देण्याचे पोर्तुगिजांनी मान्य केले. चढाई करून आलेल्या बलाढ्य शेजाऱ्याशी महिनाभरात तह जमला आणि बारदेश पोर्तुगिजांकडेच राहिला, हे यश सामान्य नव्हे.

संभाजी महाराजांच्या १६८३ च्या स्वारीत जुवे बेट पडले आणि गोवा हातचा जातो की काय अशी वेळ आली. तेव्हाच्या वाटाघाटींत इटालियन प्रवासी निकोलाव मनुची यालाही मराठ्यांकडे धाडले होते.

अठराव्या शतकात बोलण्यांचे मुख्य ठिकाण पुणे झाले आणि गोवेकर वकील पेशव्यांच्या दरबारी मुक्काम ठोकून राहू लागले. धुमे घराण्यातला नारायण शेणवी धुमे हा त्यांतला ठळक पुरुष. मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगिजांचे 'सांताना' हे जहाज पाडाव केले होते. त्याची भरपाई आणि इंग्रजांच्या विरोधात मैत्री अशा दोन्ही गोष्टी गोव्याला हव्या होत्या. १७ डिसेंबर १७७९ रोजी पुण्यात तह ठरला. त्याच्या सतराव्या कलमान्वये दमणच्या बाजूची बारा हजार रुपये वसुलाची गावे पोर्तुगिजांना द्यायची होती. ती प्रत्यक्ष मिळायला वर्षे लागली. नगरहवेलीची गावे १७८३ मध्ये आणि उरलेली १७८५ च्या सनदेने मिळाली. नाना फडणीसांच्या कारभारात एखादे कलम मान्य करून घेणे आणि त्याची अंमलबजावणी पदरात पाडणे या दोन वेगळ्या लढाया होत्या. दुसरी अधिक चिकाटीची.

या तहाची परीक्षा पावणेदोनशे वर्षांनी झाली. जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये दादरा आणि नगरहवेली मुक्त झाल्यावर पोर्तुगाल हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. १७७९ च्या तहाने आणि सनदांनी त्या मुलखाचे सार्वभौमत्व आपल्याला मिळाले, असा त्यांचा दावा होता. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने तह वैध मानला, पण मराठ्यांनी दिला तो जहागीर किंवा सरंजामाच्या धर्तीचा वसुलाचा हक्क, सार्वभौमत्व नव्हे, असे ठरवले. ब्रिटिश काळात रुळलेल्या वहिवाटीमुळे खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सामान्य मालाला वाट मिळण्याचा पोर्तुगालचा हक्क न्यायालयाने मान्य केला. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे यांना मात्र तो नाकारला. पेशव्यांनी मुलखावरचा हक्क कुठेही सोडला नव्हता. गोव्याच्या वकिलाने आपल्या धन्यासाठी मिळेल तेवढे मिळवले, तरी समोरची बाजू कलमे लिहिण्यात तितकीच जागरूक होती, हे या निकालातून दिसते.

१७६३ पासून १७८८ पर्यंत फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे असा मुलूख एकामागून एक गोव्याला जोडला गेला आणि नव्या काबिजादी, म्हणजे नव्याने जिंकलेले महाल, तयार झाल्या. सरहद्दीपलीकडचे शेजारी आता प्रजा झाले. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि वकील पाठवायला दरबारच उरला नाही. त्यानंतर सरकारी दुभाष्याचे काम नव्या काबिजादींतल्या मराठी कागदांचे भाषांतर आणि पडताळणी एवढ्यापुरते आकसले.

या माणसांना इतिहासात जागा मिळवून दिली ती सत्तरीतल्या पिसुर्ले गावच्या पांडुरंग सखाराम शेणवी पिसुर्लेंकर (१८९४–१९६९) यांनी. गोव्याच्या पुराभिलेखागाराचे संचालक असताना त्यांनी पोर्तुगिजांच्या हिंदू, मुसलमान, ज्यू आणि पारशी वकिलांवर पोर्तुगीज भाषेत स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केला. तो १९५२ मध्ये बस्तोडा येथे छापला गेला. व्हाइसरॉयांनी शेजारच्या राजांना धाडलेल्या पत्रांच्या नकलांची दप्तरे, तहांच्या वह्या आणि राज्यसल्लागार मंडळाचे ठराव यांतून त्यांनी एकेका वकिलाचे चरित्र जुळवले. मूळ कागद पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत. ही संस्था १५९५ ची असून दियोगु दु कोतु हा इतिहासकार तिचा पहिला दप्तरदार होता. पोर्तुगीज आणि मोडी या दोन्ही लिखाणांत सारखी गती असलेल्या अभ्यासकाला तिथे अजून पुष्कळ काम करता येईल.