घरचा मीडिया सर्व्हर बसवून झाल्यावर हे वाचा

टीव्हीच्या कपाटात आम्ही ठेवलेला छोटा डबा म्हणजे एक साधा मिनी पीसी. हाच तुमचा सर्व्हर. त्यात साठवलेले व्हिडिओ टीव्हीवर आणि मोबाइलवर दाखवणारं जेलीफिन हे सॉफ्टवेअर त्यावर चालतं. एम्बी या अशाच सॉफ्टवेअरने आपला सोर्स कोड (मूळ प्रोग्रॅम) सर्वांसाठी खुला ठेवणं बंद केल्यावर डिसेंबर २०१८ मध्ये स्वयंसेवकांनी आधीच्या खुल्या कोडवरून जेलीफिन वेगळं काढलं. ते मोफत आहे, महिन्याची वर्गणी नाही. तुमचे लग्नाचे, बारशाचे व्हिडिओ तुमच्याच हार्ड डिस्कवर राहतात, आणि आम्ही हे काम करतो ते मुख्यतः यासाठीच. डबा रात्रीही चालू राहू द्या. सरासरी १० वॅट धरले तरी महिन्याला सात युनिटच्या आसपास वीज लागते. वीज जाऊन आली की तो आपोआप सुरू होईल, अशी सेटिंग आम्ही करून दिली आहे.

घरात पाहताना

टीव्हीवरच्या किंवा मोबाइलवरच्या जेलीफिन अ‍ॅपमध्ये, आम्ही दिलेल्या कार्डावर लिहिलेला सर्व्हरचा पत्ता टाका. तो १९२.१६८.१.५०:८०९६ असा दिसतो. आकडे इंग्रजीत टाइप करा, मधले टिंब आणि कोलन विसरू नका. ब्राउझरमध्ये उघडत असाल तर सुरुवातीला एचटीटीपी असावं, एचटीटीपीएस नाही. ब्राउझर कधी कधी तो शेवटचा ‘एस’ स्वतःच जोडतो आणि पान उघडत नाही.

‘सर्व्हर सापडत नाही’ असा फोन आला की आम्ही आधी वाय-फाय विचारतो. टीव्ही ‘गेस्ट’ वाय-फायवर असेल तर त्याला घरातली इतर यंत्रं दिसत नाहीत. इंटरनेटवाल्याचा एक राउटर आणि तुमचा स्वतःचा दुसरा, अशी जोडी अनेक घरांत असते. त्यातही टीव्ही एकावर आणि सर्व्हर दुसऱ्यावर असला की हीच अडचण येते. दोन्ही एकाच वाय-फायवर आणा. राउटर बदलणार असाल तर आम्हाला आधी कळवा, कारण सर्व्हरचा पत्ता जुन्या राउटरमध्ये राखून ठेवलेला आहे.

व्हिडिओ अडकत असेल तर दोष बहुधा इंटरनेटचा नसतो. घरात पाहताना ते वापरलंच जात नाही. टीव्हीला फाइलचा प्रकार झेपत नसला की सर्व्हरला ती चालू असतानाच रूपांतरित करावी लागते. अशा फाइलचं नाव कळवा.

फाइल ठेवताना

प्रत्येक सिनेमाला वेगळा फोल्डर, त्यावर रोमन लिपीत नाव आणि कंसात वर्ष, म्हणजे पोस्टर बरोबर येतं. सबटायटलच्या फाइलला सिनेमाच्या फाइलचंच नाव द्या. घरचे व्हिडिओ वेगळ्या लायब्ररीत ठेवले आहेत, त्यांना मराठी नावं खुशाल द्या. सर्व्हरवर घरचं चित्रीकरण आणि तुमच्या हक्काचंच साहित्य ठेवा. उतरवलेले पायरेटेड सिनेमे आम्ही भरून देत नाही.

बाहेरगावाहून, परदेशातून

राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत येण्याची वाट) उघडून सर्व्हर थेट इंटरनेटवर आणा, असा सल्ला कोणीतरी देईलच. कृपया तसं करू नका. उघडं पोर्ट शोधणारे प्रोग्रॅम जगभर अखंड फिरत असतात. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच कनेक्शनमध्ये अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिलेला असतो, त्यामुळे पोर्ट उघडूनही उपयोग होत नाही.

त्याऐवजी आम्ही टेलस्केल बसवलं आहे. लांबची यंत्रं इंटरनेटवरून एकमेकांशी खासगी वाटेने जोडणारं हे सॉफ्टवेअर. मोबाइलवर त्याचं अ‍ॅप चालू करायचं आणि जेलीफिनमध्ये कार्डावरचा १०० ने सुरू होणारा पत्ता टाकायचा. मधला सगळा प्रवास कूटबद्ध असतो. मुलगी पुण्यात वा न्यू जर्सीत असेल तर तिने स्वतःचं टेलस्केल खातं काढावं. सर्व्हर तिच्याशी शेअर करून देऊ. तिथे चित्र थांबत असेल तर तुमच्या घरचा अपलोडचा वेग तपासा, डाउनलोडचा नव्हे. अ‍ॅपमधली क्वालिटी ४ एमबीपीएसवर आणली की बहुतेक वेळा भागतं.

घरातल्या प्रत्येकाला वेगळं खातं द्या. अ‍ॅडमिनचा पासवर्ड मात्र एकाच मोठ्या माणसाकडे असावा.

हार्ड डिस्क कधीतरी जाणारच

हे आम्ही प्रत्येक ग्राहकाला आवर्जून सांगतो. सिनेमा पुन्हा मिळेल, आजोबांच्या आवाजातली जुनी कॅसेट मिळणार नाही. घरच्या व्हिडिओंची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर काढा आणि ती डिस्क भावाकडे किंवा बहिणीकडे, दुसऱ्या घरात ठेवा. एकाच डब्यात दोन डिस्क बसवल्या तरी विजेच्या एका झटक्यात दोन्ही जाऊ शकतात. नवं चित्रीकरण टाकलं की दुसरी प्रतही अद्ययावत करा. जमत नसेल तर डिस्क आमच्याकडे आणा, समोर बसून करून देऊ.