मक्याचं खत: किती, कधी, कुठे

मका खादाड पीक आहे, पण एका बैठकीत सगळं खाणारं नाही. खरीप संकरित मक्याला हेक्टरी 120 किलो नत्र (नायट्रोजन), 60 किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि 40 किलो पालाश (पोटॅश) लागतं. एकराचा हिशेब असा: पेरणीला डीएपीची (नत्र-स्फुरदाचं खत) 50 किलोची एक गोणी, एमओपी (पालाशचं खत) 27 किलो, युरिया (नत्राचं खत) 15 किलो. पुढे 30 दिवसांनी युरिया 35 किलो आणि 40-45 दिवसांनी पुन्हा 35. म्हणजे युरियाच्या 45 किलोच्या दोन गोण्यांत भागतं. तिसरी नेऊ नका. ताटं लुसलुशीत होऊन वाऱ्यात लोळतात. माती परीक्षण केलं असेल तर अहवालाप्रमाणे हे आकडे बदलतील.

पेरणीचं खत दोन चाड्यांच्या पाभरीने (बी आणि खत वेगळं सोडणाऱ्या पेरणीच्या अवजाराने), बियाण्याच्या 5 सेंमी बाजूला आणि 5 सेंमी खाली पडू द्या. युरिया बियाण्याला भिडला की कोंब जळतो, ओळीत नांगे, म्हणजे रिकाम्या जागा, पडतात. बियाणं खोटं निघालं असं म्हणण्याआधी एकदा ओळ उकरून बघा.

झिंक सल्फेट एकरी 8 ते 10 किलो, शेणखतात कालवून वेगळं टाका. डीएपीत मिसळलं तर जस्त स्फुरदाशी बांधलं जातं आणि पिकाला मिळत नाही. मग कोवळ्या पानांवर मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंनी पांढरट पट्टे उठतात.

30 दिवसांचा हप्ता मात्र चुकवू नका. मका गुडघ्याएवढा होतो तेव्हाच कणसावर दाण्यांच्या किती ओळी बसणार ते पोटात ठरतं. ओळीत किती दाणे, हे कणसाला केस येईपर्यंत. तेव्हा उपाशी ठेवलेल्या पिकाला तुऱ्यानंतर युरिया दिला तर पानं हिरवी होतील, ओळी वाढणार नाहीत.

खालचं पान पिवळं दिसलं की लगेच युरिया फेकू नका. पिवळेपणा टोकाकडून मध्यशिरेवरून आत सरकत असेल तर नत्र कमी. मध्यशीर हिरवी आणि कडा करपलेल्या असतील तर पालाश कमी, तिथे युरियाचा उपयोग नाही.

वरखत, म्हणजे उभ्या पिकातला युरियाचा हप्ता, ओलीवर द्या आणि लगेच कोळपून मातीआड करा. उघडा पडलेला युरिया, त्यातही चुनखडीच्या जमिनीत, अमोनिया होऊन उडतो. शेतात पाणी साचलं असेल तर आधी चर काढा. युरियाचे दाणे पोंग्यात (ताटाच्या शेंड्याच्या पानांच्या गुंडाळीत) पडले तर पान जळतं, म्हणून फेकण्यापेक्षा ओळीच्या कडेने सोडा. 35 किलोच्या हप्त्यात, ओळींत दोन फूट अंतर असेल तर, ओळीच्या 100 फुटांना जेमतेम 160 ग्रॅम युरिया बसतो. पहिल्या ओळीपुरता वजनकाट्यावर मोजून घ्या, पुढे हाताला अंदाज येतो.