वॉटर पंप, मोटारीचा

मोटारीच्या एंजिनातील शीतक द्रव (कूलंट किंवा पाणी) सिलिंडरांभोवती आणि रेडिएटरमधून फिरता ठेवणारा केंद्रोत्सारी, म्हणजे फिरत्या पात्यांनी द्रव बाहेरच्या बाजूस फेकणारा पंप. गॅरेजात ‘वॉटर बॉडी’ हाही शब्द ऐकू येतो. काटेकोरपणे तो पंपाच्या बिडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या कवचाला लागू पडतो, पण किट (शाफ्ट, बेअरिंग, सील या सुट्या भागांचा संच) टाकून घ्यायचे असो वा पंप नवा बसवायचा असो, दोन्ही वेळा ‘बॉडी काढली’ असेच म्हणतात.

केंद्रोत्सारी पंपाच्या उगमाबद्दल एकमत नाही. इटलीतील फ्रांचेस्को दी जॉर्जो मार्तिनी यांनी इ. स. १४७५ च्या सुमारास चिखल उपसण्याच्या एका यंत्राचे वर्णन केले आहे. काही अभ्यासक तोच या पंपाचा आरंभ मानतात. दुसरा पक्ष सतराव्या शतकाच्या अखेरीस दनी पापँ यांनी केलेल्या सरळ पात्यांच्या पंपाला तो मान देतो. मोटारीपुरते पाहिल्यास जॉन ॲपोल्ड यांचा १८५१ च्या लंडन प्रदर्शनातील वक्र पात्यांचा पंप अधिक महत्त्वाचा वाटतो. तेथील चाचण्यांत त्याची कार्यक्षमता सुमारे ६८ टक्के, तर सरळ पात्यांची जेमतेम २४ टक्के भरली. मोटारीत पंप हवाच, हेही लगेच ठरले नाही. १९०१ च्या मर्सिडीझमध्ये अभियंता मायबाख यांच्या मधपोळ्यासारख्या रेडिएटरला पंपाची जोड होती. उलट फोर्डच्या ‘मॉडेल टी’च्या पहिल्या सुमारे २,५०० गाड्यांत पंप होता, तो पुढे काढून टाकण्यात आला आणि तापलेले पाणी वर चढते, थंड पाणी खाली उतरते, एवढ्यावरच काम भागवले गेले. एंजिने लहान जागेत जास्त शक्ती देऊ लागली तसा पंप परतला.

बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचे दुकान काढले. पुढे किर्लोस्करवाडीत शेतीचे पंप तयार होऊ लागले. त्यावरून मोटारीच्या पंपाचा वंशही इथपर्यंत आणून भिडवण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. दोहोंचे तत्त्व एक, घराणी वेगळी.

पंपाचे खरे मर्म सीलमध्ये, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवतून पाणी गळू न देणाऱ्या भागात आहे. जुन्या पंपांत शाफ्टभोवती ग्राफाइट लावलेली दोरी दाबून बसवत आणि ती वरचेवर आवळावी लागे. आजच्या सीलमध्ये कार्बनची कडी आणि सिरॅमिकची कडी स्प्रिंगच्या दाबाने एकमेकींवर घासत फिरतात व त्यांच्यामधली द्रवाची अतिपातळ फिल्म वंगणाचे काम करते. म्हणून पंप कोरडा फिरला तर सील फार टिकत नाही. सील आणि बेअरिंग यांच्यामध्ये कवचाला एक बारीक छिद्र ठेवलेले असते. गळलेले पाणी बेअरिंगचे ग्रीस धुऊन न नेता तेथून बाहेर पडावे, हा त्याचा हेतू. त्या छिद्राखाली वाळलेला पांढरा, हिरवा किंवा तांबूस ओघळ दिसला की सील जात आल्याचे समजावे. ‘थेंब थेंबच गळतंय’ म्हणून छिद्रात एम-सील (घट्ट होणारे लांबण) भरणारे महाभाग आढळतात. पाणी मग बेअरिंगमध्ये शिरते, बेल्टवर फिरणारी पंपाची पुली डुगडुगते, घरघर सुरू होते आणि शेवटी बेल्ट उडतो.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर असल्याने तेथे उघडे पाणी ९७–९८° से.लाच उकळते. रेडिएटरचे झाकण सुमारे ०.९ बार दाब धरून हा बिंदू ११७° च्या आसपास नेते. पंपाच्या प्रवेशमुखाशी दाब सर्वांत कमी असतो. झाकणाचे रबर सैल झाले तर तेथे वाफेचे बुडबुडे होतात, पात्यांवर येऊन फुटतात आणि धातूला खड्डे पाडतात. पंप खराब झाला असे जे म्हटले जाते, त्यातले काही खापर या स्वस्त झाकणावर फुटायला हवे. गोव्याकडून चोर्ला घाट चढताना गाडी खालच्या गिअरमध्ये, कमी वेगाने आणि पूर्ण भाराने चालते. समोरून वारा मिळत नाही. अशक्त पंप उघडा पडतो तो इथे. तापलेल्या गाडीचे झाकण लगेच उघडू नये. दाब सुटताच आतले पाणी उसळून हातातोंडावर येते.

येथे पाणी गोठत नसल्याने कूलंट कशाला, असा युक्तिवाद होतो. पण त्यातील गंजरोधक द्रव्ये आणि सीलला मिळणारे संरक्षण हाच त्याचा मुख्य उपयोग. बोअरच्या जड पाण्याचे क्षार सीलच्या कड्यांना ओरखडतात. थर्मोस्टॅटचा, म्हणजे एंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा ‘व्हॉल्व’ काढून टाकणे हाही उपाय नव्हे. एंजिन थंडच राहून पेट्रोल जास्त पिते.

बदलताना एंजिन पूर्ण निवू द्यावे. पाणी काढून बेल्ट व पुली उतरवल्यावर सांध्यातले जुने गॅस्केट (गळती रोखणारी चकती) खरवडायचे, पण ॲल्युमिनियमवर चरा पडू द्यायचा नाही. बोल्ट समोरासमोरचे घेत टप्प्याटप्प्याने आवळतात. पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर दोन्ही एकदमच बदलणे शहाणपणाचे, कारण मजुरी बहुतेक उघडण्याजोडण्याचीच असते. जुन्या ॲम्बेसेडर व जीपचे पंप शाफ्ट, बेअरिंग, सील यांचे किट प्रेसवर बसवून पुन्हा चालते करीत. आताचे बहुतेक पंप सबंधच बदलतात. शेवटी हवा काढावी लागते. हीटर पूर्ण उघडून, थंड एंजिन झाकणाविना सुरू करायचे आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत पाणी भरत राहायचे. वरचा होज गरम झाला आणि बुडबुडे थांबले की झाकण लावायचे.